नातवाला भेटायला गेलात, पण पिशवीत काय होतं?

"नातवाला भेटायचा आम्हाला कायद्यानं हक्क हाय का नाही, ताई?" मुलगा वारला, सून माहेरी गेली आणि नातू दिसेनासा झाला, की आजी-आजोबा हाच प्रश्न घेऊन येतात. त्यातल्या एका जोडप्याबद्दल लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

गाव अहमदपूर तालुक्यातलं. मुलगा अपघातात गेला. वर्षश्राद्धाच्या आधीच सून सहा वर्षांच्या लेकराला घेऊन लोह्याला माहेरी निघून गेली. फोन उचलेना. आजोबांना पारावर कुणीतरी सांगितलं होतं, 'सुप्रीम कोर्टानं आजोबालाच नातू दिलाय.' तो निकाल खरा आहे, जून 2022 चा. पण त्या मुलाचे आईवडील दोघंही करोनात गेले होते आणि वाद मावशीशी होता. इथे आई हयात आहे, लेकराला नीट सांभाळते आहे. 1956 च्या हिंदू अज्ञानत्व व पालकत्व कायद्याप्रमाणे वडिलांमागे आईच नैसर्गिक पालक. ताबा मागायला गेलात तर उरलंसुरलं नातंही तुटेल, हे मी त्यांना स्पष्टच सांगितलं.

भेटीचं वेगळं. आजी-आजोबांना तसा हक्क देणारं स्वतंत्र कलम आपल्याकडे नाही. पण 1890 च्या पालक व पाल्य कायद्याखाली अर्ज करता येतो. लेकराचं हित दिसलं तर कोर्ट भेटीचे दिवस, फोनवर बोलणं ठरवून देऊ शकतं. अर्ज मात्र लेकरू जिथे राहतं तिथल्या कोर्टात, म्हणजे नांदेड जिल्ह्यात. आजोबांचा ओळखीचा वकील लातूरचा होता, ते जरा हिरमुसले.

मग ते पिशवीतून एकेक कागद काढू लागले. सातबारा, मृत्यूचा दाखला, नातवाचं आधार कार्ड. तळाशी घडी घातलेला स्टॅम्प पेपर. वर टाइप केलेलं 'हक्कसोडपत्र', म्हणजे जमिनीतला हिस्सा सोडल्याचा कागद, खाली सुनेच्या नावापुढे सहीची जागा कोरी.

"हे घेऊन गेला होतात भेटायला?"

आजोबा गप्प. आजीच म्हणाल्या, "दोनदा नेलं. मी म्हणत होते, नका नेऊ."

सुनेशी बोलले तेव्हा तिचंही तेच. "या म्हणते की मी. पण लेकराला मांडीवर घेऊन सही मागतेत. मग फोन कसा उचलू?"

माझ्याकडे येणाऱ्या अशा भांडणांत लेकराच्या आडून बहुतेक वेळा जमीनच बोलत असते. इथे तर तो कागद बिनकामाचाच होता. तीन एकर मुलाने स्वतःच्या कमाईतून घेतलेली, मृत्युपत्र नाही. अशा वेळी हिंदू वारसा कायद्याने वारलेल्याची आई, बायको आणि मुलगा यांना सारखा हिस्सा. आजीला एक एकर आपसूकच येत होतं! वडील पहिल्या वर्गाच्या वारसांत बसत नाहीत, हे ऐकून आजोबांनी दोनदा विचारलं, "म्हंजे हिचं नाव लागतंय, माझं नाही?" आणि नातवाच्या हिश्शावर आईलाही कोर्टाच्या परवानगीशिवाय पाणी सोडता येत नाही.

कोर्टाआधी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात मध्यस्थीचा अर्ज केला, तोही आजीच्या नावाने, कारण बाईला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. तिथे लेखी ठरलं: महिन्याचा पहिला रविवार, लोह्यात सुनेच्या मावशीच्या घरी, दर बुधवारी व्हिडिओ कॉल, लेकरासमोर शेताचा विषय नाही.

"म्हंजे आम्ही पावण्यासारखं जायचं?" आजोबा.

"सध्या तरी हो."

त्यांना ते लागलं. पण गेले. पुढे माळेगावच्या यात्रेत नातवाला फिरवायला सुनेने हो म्हटलं, अंधार पडायच्या आत परत आणायच्या बोलीवर. वारस नोंदीचा अर्ज तिघांच्या नावाने तलाठ्याकडे दिलाय. ट्रॅक्टरचं कर्ज कुणी फेडायचं, यावरून मात्र अजून धुसफूस चालू आहे, आणि त्यासाठी पुढची तारीख वेगळी घेतली आहे.