पहिल्या ट्रायथलॉनची तयारी : सुरुवातीला एवढेच पाहा

पहिल्या स्पर्धेसाठी तुम्ही स्प्रिंट, म्हणजे कमी अंतराचा प्रकार निवडलात, हे योग्यच झाले; एकापाठोपाठ ७५० मीटर पोहणे, २० किलोमीटर सायकल आणि ५ किलोमीटर धावणे, एवढी तयारी नोकरी सांभाळून होऊ शकते. आठवड्यात तिन्ही प्रकारांना प्रत्येकी दोन सत्रे द्या आणि एक दिवस पूर्ण विश्रांती घ्या.

नवशिके बहुधा जे आधीपासून येते त्याचाच सराव वाढवतात. तुम्ही मुळात धावणारे आहात, तेव्हा जादा वेळ नाशिकच्या त्र्यंबक रोडवरच्या सावरकर जलतरण तलावात घालवा. पोहताना बहुतेकांचा दम नव्हे, तंत्र कमी पडते : मान वर उचलली की कंबर आणि पाय खाली जातात व पाण्याचा विरोध वाढतो, म्हणून नजर तळाकडे ठेवा आणि तोंड पाण्यात असतानाच श्वास सोडत राहा. धरणाच्या पाण्यात मात्र एकट्याने कधीही उतरू नका.

सायकलसाठी रविवारी पहाटे अंजनेरीपर्यंत जाऊन या आणि परतल्यावर, अंघोळ वा नाश्ता न करता, लगेच दहा मिनिटे सावकाश धावा. पाय लाकडासारखे जड वाटतील. ते स्वाभाविक आहे, पण त्याची ओळख स्पर्धेच्या दिवशीच होणे बरे नव्हे. महागड्या सायकलीचा विचार तूर्त बाजूला ठेवा, हेल्मेट मात्र हवेच.