शंका-समाधान : संगणकावरील अनोळखी फाइल

प्रश्न : आमच्या गणेशोत्सव मंडळाचा जमाखर्च मी घरच्या संगणकावर, विंडोज 11 मध्ये, ठेवतो. हरवलेली एक फाइल शोधताना माझ्या भाच्याने काही सेटिंग बदलले. तेव्हापासून जमाखर्चाच्या वर्ड फाइलशेजारी, जवळजवळ त्याच नावाची पण ‘~$’ या चिन्हांनी सुरू होणारी एक फिकट फाइल अधूनमधून दिसते. ती उघडत नाही. हा व्हायरस असेल का? ती काढून टाकू का? त्याच फोल्डरमध्ये मंडपवाल्यांच्या नावाने आलेल्या ई-मेलमधल्या झिप फाइलीतून काढलेले ‘बिल.पीडीएफ’ आहे. ते अजून उघडलेले नाही, पण त्याबद्दल मला शंका नाही. फक्त बाकीच्या पीडीएफच्या नावापुढे ‘.पीडीएफ’ दिसत नाही आणि याच्यापुढे दिसते, एवढाच फरक.
— एक वाचक, दांडिया बाजार, बडोदे

उत्तर : ज्या फाइलीची आपण धास्ती घेतली आहे ती निरुपद्रवी आहे. जिच्याविषयी शंका नाही असे आपण लिहिता तीच, पत्रातील वर्णनावरून, संशयास्पद वाटते.

‘~$’ची फाइल वर्ड स्वतःच तयार करतो. एखादा दस्तऐवज उघडला की तो कोणी उघडला आहे त्याचे नाव वर्ड या छोट्या, लपवलेल्या फाइलीत नोंदवून ठेवतो. म्हणूनच कार्यालयात तीच फाइल दुसऱ्या संगणकावरून कोणी उघडू गेल्यास ‘ती अमुक व्यक्तीकडे उघडी आहे’ असे त्याला सांगता येते. दस्तऐवज बंद केला की ही नोंद आपोआप नाहीशी होते. मधेच वीज गेली किंवा वर्ड अडकून बंद पडला तर ती मागे राहते, आणि मग वर्ड बंद करून ती खुशाल काढून टाकावी. आपल्या भाच्याने लपवलेल्या फाइली दाखवण्याची सोय सुरू केली असावी. अशा फाइलींची चित्रे फिकट दिसतात.

आता बिलाकडे वळू. नावाच्या शेवटी टिंबानंतर जे एक्स्टेन्शन असते त्यावरून ती फाइल कोणत्या प्रोग्रॅमने उघडायची हे विंडोज ठरवते, परंतु ओळखीचे एक्स्टेन्शन विंडोज मुळातच दाखवत नाही. त्यामुळे आपल्या खऱ्या पीडीएफपुढे काही दिसत नाही, हे बरोबरच आहे. मग एकाच फाइलीपुढे ‘.पीडीएफ’ का दिसावे? कारण बहुधा तो तिच्या नावाचाच भाग आहे आणि खरे शेपूट, म्हणजे प्रोग्रॅमला असते तसे ‘.ईएक्सई’सारखे काही, त्याच्यामागे दडलेले आहे. चित्र पीडीएफचे दिसते म्हणून विश्वास ठेवू नये. प्रोग्रॅम बनवणारा त्याला हवे ते चित्र चिकटवू शकतो.

फाइल एक्स्प्लोररमध्ये ‘व्ह्यू’, मग ‘शो’ आणि तेथे ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ सुरू केले की पूर्ण नाव दिसेल. ही सोय कायम सुरूच ठेवावी. ती मुळात बंद का ठेवतात हे मला आजवर पटलेले नाही.

आणखी खात्री हवी असल्यास त्या फाइलीवर डबल-क्लिक न करता आधी नोटपॅड उघडावे, त्यातील ‘ओपन’मध्ये ‘ऑल फाइल्स’ निवडावे आणि मग ती फाइल उघडावी. नोटपॅड फाइल फक्त वाचतो, चालवत नाही. बाकी सारा मजकूर अगम्य दिसला तरी अगदी सुरुवातीची अक्षरे पाहावीत. पीडीएफ असेल तर तेथे टक्क्याचे चिन्ह आणि पीडीएफ ही रोमन अक्षरे दिसतात. विंडोजचा प्रोग्रॅम असेल तर एम आणि झेड. ही मायक्रोसॉफ्टमधील मार्क झ्बिकोव्स्की यांची आद्याक्षरे. विंडोजच्या आधीच्या डॉस या प्रणालीच्या काळात त्यांनी प्रोग्रॅम फाइलीची जी रचना ठरवली तिची ही खूण आजही प्रत्येक ‘.ईएक्सई’च्या माथ्यावर असते. फाइलीचे नाव कोणीही बदलू शकतो, पण ही अक्षरे बदलली तर प्रोग्रॅम चालतच नाही.

व्हायरसटोटल या संकेतस्थळावर संशयित फाइल अनेक अँटिव्हायरसकडून एकाच वेळी तपासून मिळते. मात्र तेथे दिलेली फाइल सुरक्षा क्षेत्रातील इतरांनाही मिळू शकते, म्हणून वर्गणीदारांची नावे आणि फोन नंबर असलेला आपला जमाखर्च तेथे चुकूनही टाकू नये.

एम-झेड दिसल्यास फाइल झिपसकट शिफ्ट दाबून डिलीट करावी, विंडोज सिक्युरिटीमधून ‘फुल स्कॅन’ करावा आणि मंडपवाल्यांना त्या ई-मेलवर उत्तर न पाठवता आपल्याकडील जुन्या नंबरवर फोन करून विचारावे. घरातील दुसऱ्या कोणी ती आधीच उघडली असेल, तर प्रथम इंटरनेट तोडावे, बँकेचे आणि ई-मेलचे पासवर्ड दुसऱ्या उपकरणावरून बदलावेत, आणि खात्यातून पैसे गेलेले आढळल्यास वेळ न दवडता 1930 या सायबर हेल्पलाइनवर तक्रार नोंदवावी.