ऑनलाइन घेतलेली सायकलिंगची शॉर्ट आणि जर्सी घट्ट होतेय. परत करू, की वापरून सैल होईल?

सैल होणार नाही. परत करा.

तुम्ही लिहिलंय की चार्ट बघूनच एल साइज घेतली, तरी शॉर्ट मांडीला काचते, जर्सी पोटावरून वर चढते, आणि ग्रुपमधले म्हणतात, "सायकलिंगचे कपडे घट्टच असतात, सवय होईल." हे शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. "सवय होईल" या दोन शब्दांपायी मी चार दिवस पाय फाकवून चाललेय.

२०२० च्या लॉकडाऊननंतर पुण्यात ज्या शेकडो लोकांनी सायकली घेतल्या त्यांतली मी एक. आमचे भाऊजी, म्हणजे धाकटे दीर, माझ्या आधीपासूनचे सायकलवाले. २०० किलोमीटरची ब्रेव्हे, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुरी करायची लांब पल्ल्याची राइड, साडेतेरा तासांच्या आत पुरी केलेले, त्यामुळे घरात सायकलबद्दल शेवटचा शब्द त्यांचा. पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या ग्रुपने पुणे-सातारा ठरवलं. माझं माहेर साताऱ्याचं. म्हटलं, जाऊ या. एवढ्या लांब पॅडशिवाय, म्हणजे शॉर्टच्या आत शिवलेल्या गादीशिवाय, बसवणार नाही म्हणून रात्री दहा वाजता मोबाइलवर एक शॉर्ट आणि एक जर्सी मागवली. साइज एम, कारण मी कुर्ते एमचे घेते. बस, एवढाच विचार. टेप घरात होता. शिंप्याची मुलगी आहे मी, टेप कसा नसेल? पण काढला नाही.

पार्सल आलं, घालून बघितली. मांडीला रबर रुतत होतं आणि मागून कंबर खाली ओढली जात होती. भाऊजींना विचारलं तर म्हणाले, "वहिनी, ही काय लेंग्यासारखी सैल असते का? दोन राइडमध्ये सवय होते." नवरोबा पेपरमधून मान वर न करता म्हणाले, "एवढ्याशासाठी परत कशाला पाठवायची?" मग मीही लेबलं कापून टाकली. ही चूक माझी, ती कुणाच्या माथी मारत नाही.

पहाटे पाचला निघालो. जुना कात्रज चढताना थंडी होती, काही कळलं नाही. शिरवळला मिसळ खाल्ली तेव्हा बाकड्यावर नीट बसवेना. खंबाटकी घाटात खरा खेळ सुरू झाला. चढाला माणूस सीटवर पुढे सरकतो, आणि शॉर्टचं पॅड मागेच राहिलं, कारण वर कंबर आणि खाली मांडी अशा दोन्ही बाजूंनी ते खेचलं जात होतं. पॅडच्या कडेची शिलाई नेमकी नको तिथे आली. प्रत्येक पेडलला एकदा. घाट संपेपर्यंत किती पेडलं होतात ते मोजायला लावू नका. सुरूरला मी उतरले आणि वाईफाट्यापर्यंत सायकल हातात धरून चालले. ग्रुपला सांगितलं चेन पडतेय. पुढचं अंतर निम्मं उभ्याने मारलं. आनेवाडीचा टोलनाका दिसला तेव्हा मला रडू आलं होतं, आणि ते आनंदाचं नव्हतं.

घरी पोचले तर आई दारातच म्हणाली, "अगं, लंगडतीयास का?" सांगितलं. तिने काही न बोलता कैलास जीवनची डबी हातात ठेवली. शॉर्ट धुऊन मागच्या दोरीवर वाळत घातली, उलटी करून.

संध्याकाळी अण्णा दुकान बंद करून आले. चाळीस वर्षं शिवणकाम. दोरीवर काहीही असलं तरी त्यांचा हात आधी शिलाईवर जातो. शॉर्ट काढली, पॅडवरून अंगठा फिरवला, आणि ओट्यावर पसरून टेप लावला. मी दारात उभी. पाय सपाट ठेवून साडेसहा इंच भरला, म्हणजे घेर तेरा. मग दोन्ही हातांनी ताणला आणि आईला टेप धरायला लावला. "ताणून ताणून अठरा." मला म्हणाले, "गुडघ्याच्या वर चार बोटं माप बघू तुझं." वीस. मग आसनाचं माप घेतलं, पुढच्या कंबरेपासून पायांमधून मागच्या कंबरेपर्यंत. घरातली माझी जुनी सलवार आणून तिच्याशी ताडून बघितलं आणि मान हलवली. "आसन आखूड हाय. आणि ही गादी बापय माणसाच्या बेतानं लावलीय." गादी म्हणजे पॅड. कंपनीने युनिसेक्स लिहिलं होतं. अण्णांना तो शब्द माहीत नव्हता, पण पॅड कुठे जाड आहे आणि कुठे पातळ हे अंगठ्याने त्यांना दोन मिनिटांत कळलं. मी ते पाच तास बसून शिकले होते.

आता तुमच्याकडे येते.

सवयवाले अर्धं खरं बोलतात. शॉर्ट अंगाला चिकटूनच हवी. सैल असेल तर पॅड कातडीवर घासतं, घाम असतोच, आणि त्यातून फोड येतात. म्हणून एक साइज मोठी घेतली की झालं, असंही नाही. पण घट्ट असणं आणि काचणं यात फरक आहे. राइडनंतर मांडीवर रबराचा लालसर वळ उठला तर चालतं, तो अर्ध्या तासात जातो. पाय बधिर होत असेल, मुंग्या येत असतील, वळ दुसऱ्या दिवशी सकाळी दिसत असेल, तर ती शॉर्ट तुमची नाही. आणि लायक्रा, म्हणजे शॉर्टचं ताणणारं कापड, "सैल होते" म्हणतात ते सैल होणं नसतंच, धागा दमतो. मग बसकटीला कापड विरळ होतं आणि तुमच्या मागून येणाऱ्याला जे दिसायला नको ते दिसतं.

घालून बघायची रीत तुम्ही नक्की चुकलात, कारण सगळेच चुकतात. आरशासमोर ताठ उभं राहून बघू नका. ताठ उभं राहिलं की चांगली जर्सीसुद्धा पुढून आखूड आणि छातीवर घट्ट वाटते, बिबचे, म्हणजे खांद्यावरून पट्टे असलेल्या शॉर्टचे, पट्टे ओढतात. हे कपडे वाकलेल्या माणसासाठी कापलेले असतात: पुढून आखूड, मागून लांब. सायकल भिंतीला टेकवा, वर बसा, हँडल धरा, दहा मिनिटं बसा. पॅड बसायच्या दोन्ही हाडांखाली आलं का, पुढे वळी पडते का, मागून कंबर उघडी पडते का, एवढं बघा. आतून चड्डी घालून बघा आणि लेबल तसंच राहू द्या, कारण परत द्यायचीय. (राइडला मात्र आत काही घालायचं नसतं, हे तुम्हाला माहीत असेलच.)

चार्टचं म्हणाल तर आधी बघा की आकडे अंगाचे आहेत की कपड्याचे. कितीतरी ठिकाणी "छाती ४०" हे कपड्याचं माप असतं आणि आपण आपल्या छातीचं समजून मागवतो. चिनी बनावटीच्या स्वस्त कपड्यांत आपल्या एलच्या जागी त्यांचा एक्सएल, कधी डबल एक्सएल लागतो. म्हणून अक्षर बघूच नका. एल हे माप नाही, ते दुकानदाराने लावलेलं नाव आहे. छाती, कंबर, सीट (म्हणजे बसकटीचा घेर), मांडी, हे चार आकडे कागदावर लिहा. चार्टमध्ये मांडीचा आकडाच नसेल तर त्या विक्रेत्याकडून शॉर्ट घेऊ नका. माझं हे मत ऐकून भाऊजी हसतात. हसू देत.

परत करताना अडवतील. "हायजीन" हा एक शब्द त्यांना पाठ असतो, पॅडवाल्या शॉर्ट्स काही जण अंतर्वस्त्रांत टाकतात आणि ती परत घेत नाहीत. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे माल सदोष असेल, जाहिरातीत सांगितला तसा नसेल किंवा सांगितलेल्या मुदतीनंतर आला असेल, तर विक्रेत्याला परत घ्यायला नकार देता येत नाही. "मला होत नाही" हे कारण त्यात नाही, तिथे त्यांची स्वतःची परतीची अटच चालते. पण चार्टवर मांडी २२ लिहिली असेल आणि कपडा ताणूनही १८ भरत असेल, तर ते "सांगितल्यासारखं नाही" यात बसवता येतं. टेप लावून फोटो काढा, चार्टचा स्क्रीनशॉट ठेवा, दोन्ही जोडून तक्रार टाका. त्यांच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात निकाल लावायचा असा नियम आहे. नाही ऐकलं तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन. मी यातलं काहीच करू शकले नाही, कारण एकशेदहा किलोमीटर घामात भिजवलेली, कैलास जीवन लागलेली शॉर्ट कोणत्या तोंडाने परत पाठवणार?

आता भाऊजींचा मुद्दा. त्या रात्री जेवताना अण्णा म्हणाले, "दे, बघतो काही जमतंय का." भाऊजी म्हणाले, "अण्णा, हे टेक्निकल कपडे असतात, शिंप्याचं काम नाही." बोलायचं म्हणून बोलले, मनात काही नव्हतं. पण ते माझ्या वडिलांच्या घरात, त्यांच्या ताटावर बसून बोलले. अण्णा नुसतेच हसले. मला अजून हसू आलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी जर्सीच्या दोन्ही कुशी उसवल्या आणि स्पोर्ट्स टी-शर्टच्या जाळीदार कापडाच्या दोन-दोन इंचांच्या पट्ट्या बसवल्या. मागच्या तीन खिशांना हात लावला नाही. आतल्या बाजूने ओव्हरलॉक शेजारच्या दुकानातून मारून आणलं. ती जर्सी मी आजही घालते. काखेत हवा लागते, त्यामुळे मूळ जर्सीपेक्षा चांगली झालीय, आणि ग्रुपमधल्या दोघींनी कुठून घेतली म्हणून विचारलं. तेव्हा तुमची जर्सी परत गेली नाही तर फेकू नका. पोटावर चढते ना? कुशीत पट्टी हा इलाज आहे. चांगला शिंपी शोधा. पुण्यात ते उरलेत, जरा गल्लीत शिरावं लागतं.

शॉर्टचं मात्र प्रामाणिकपणे सांगते. अण्णांनी मांडीचं रबर काढून रुंद इलॅस्टिक लावलं, आसनात कापडाचा चौकोनी तुकडा घातला. त्यांचं पायमशीन साधा सरळ टाका घालतं. सरळ टाका लायक्राबरोबर ताणला जात नाही, कापड ताणतं आणि दोरा तुटतो. तिथे झिगझॅग किंवा फ्लॅटलॉक असा ताणला जाणारा टाका लागतो, आणि सुई बोथट टोकाची, नाहीतर कापडाला बारीक भोकं पडतात. सिंहगडाच्या पायथ्याशी, डोणज्याच्या पुढे, पहिल्याच चढाला फर्रकन आवाज आला. विंडचीटर कमरेला बांधून घरी आले. भाऊजी काही बोलले नाहीत, आणि त्यांचं ते काही न बोलणं मला बोलण्यापेक्षा जास्त लागलं. अण्णांना फोनवर सांगितलं तर पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, "सुई बदलायला पायजे हुती."

तर शॉर्ट उसवून नीट करायच्या भानगडीत पडू नका. पॅड हलवून पुन्हा शिवणं तर विसराच. भाऊजी इथे बरोबर होते, हे मी त्यांच्या तोंडावर कधी म्हणणार नाही, इथे लिहितेय. पण त्यांचा दुसरा सिद्धांत, की महागडी घेतली की फिटिंगचा प्रश्न मिटतो, तो चूक आहे. महागडं पॅड लवकर चपटं होत नाही, शिलाया सपाट असतात, हे कबूल. पण आठ हजारांची शॉर्ट माझ्या मांडीच्या मापाची नसेल तर ती अकराशेच्या शॉर्टइतकीच काचेल, फक्त दुःख जास्त होईल. नंतर मी बायकांच्या पॅडची, मांडीचं माप देणारी मध्यम किमतीची घेतली. त्याच रस्त्याने पुन्हा साताऱ्याला गेले. सुरूरला चहा प्यायला थांबले, चालायला नाही.

एक राहिलं. सगळं माप जुळूनही बसताना दुखत असेल तर शॉर्टला शिव्या देण्याआधी सायकलची सीट बघा, तिची उंची आणि रुंदी. सीट फार वर असेल तर कंबर डावी-उजवीकडे हलते आणि कोणतंही पॅड घासतं. आणि खाली फोड येऊन पिकला असेल तर डॉक्टरकडे जा, कैलास जीवनवर भागवू नका. हेल्मेटही त्याच पार्सलमध्ये आलं असेल आणि ढिलं होत असेल तर त्यात स्पंज कोंबून वापरू नका. ते एकच सामान असं आहे की होत नसेल तर परत, नाहीतर दुसरं. तिथे शिंपी नाही.

परतीची मुदत कधी संपतेय ते आत्ता बघा, बाकीचं नंतर. टेप नसेल तर पायजम्याची नाडी घ्या, मांडीला गुंडाळा, पेनाने खूण करा आणि पट्टीवर ठेवा. लांबची गिऱ्हाइकं फोनवर माप सांगायची तेव्हा अण्णा त्यांना हेच करायला लावायचे. नाडी ओढून धरू नका, एक बोट आत जाईल इतकी सैल राहू द्या.