वाचकांचे प्रश्न : कॉलनीचे सचिवपद

प्रश्न : मी 44 वर्षांची असून इंदूरच्या एका खासगी कंपनीत 30 जणांचा विभाग सांभाळते. आमच्या कॉलनीत मराठी, सिंधी, गुजराती, माळवी, मल्याळी अशी साठेक घरे आहेत. यंदा रहिवासी समितीचे सचिवपद माझ्याकडे आले. कामांची वाटणी करून तक्ता व्हॉट्सॲपवर टाकला आणि शनिवारी संध्याकाळी सहाला सभा बोलावली, तर जेमतेम सात जण आले. सगळे मलाच करावे लागते. नेतृत्वाचे एखादे प्रशिक्षण घ्यावे का?
— एक वाचक, इंदूर

उत्तर : प्रशिक्षण अवश्य घ्या, पण आजची अडचण त्याने सुटणार नाही. कंपनीत आपल्या शब्दामागे नेमणूकपत्र, वार्षिक शेरा आणि पगारवाढ उभी असते. कॉलनीत यांपैकी काहीच नसते, आणि ज्यांची नावे तक्त्यात घातली त्यांना आधी कोणी विचारलेलेही नव्हते. तो तक्ता त्यांना हुकुमासारखा वाटला असेल, तर त्यांचे फार चुकले असे म्हणवत नाही.

वेळेचेही तसेच आहे. शनिवारी सहाला पीथमपूरच्या कारखान्यांतली मंडळी घरी पोहोचलेली नसतात, डॉक्टरांचे रुग्ण बाहेर बसलेले असतात आणि दुकानदारांची गिऱ्हाइकी नुकती सुरू झालेली असते. रविवारी सकाळी दहाला पोहे-जिलेबी ठेवा. इंदुरात या निमंत्रणाला स्मरणपत्र लागत नाही. सभा मात्र हिंदीतच चालवा. दोन मराठी सदस्य आपसात मराठीत बोलू लागले की बाकीच्यांना वाटते, ठराव आधीच ठरला आहे.

त्याआधी, महिनाभर लागला तरी चालेल, पण घरोघरी जाऊन या. आपल्याच शहराचे उदाहरण घ्या. 2017 साली इंदूर स्वच्छतेत देशात पहिले आले, त्यामागे यंत्रे आणि गाड्या होत्याच. पण ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची सवय लावायला माणसांना दारोदार जाऊन पुन्हा पुन्हा सांगावे लागले. सूचनाफलकावर ते काम झाले नसते.

घरी गेल्यावर "समितीला मदत करा" असे मोघम म्हणू नका, एकच काम आणि त्याची मुदत सांगा. ज्याचा जो पेशा त्याला तेच काम द्यावे, असा मोह होतो. परंतु दिवसभर रुग्ण तपासून आलेल्या डॉक्टरांना आरोग्य शिबिरापेक्षा बागेची देखभाल अधिक आवडण्याचा संभव आहे. म्हणून आधी विचारा. हिशेब तेवढा अपवाद मानावा. समिती मध्य प्रदेशच्या 1973 च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली नोंदलेली असेल, तर पदाधिकाऱ्यांची यादी आणि तपासलेले हिशेब दरवर्षी निबंधकांकडे द्यावे लागतात. तिथे जाणकारच हवा.

पहिले काम म्हणून सभेचे इतिवृत्त दुसऱ्या कोणाकडे तरी सोपवा, शक्यतो जे सभेत फारसे बोलत नाहीत त्यांच्याकडे. ते आठ दिवस उशिरा येईल, त्यात चुकाही असतील. तरीही रात्री बसून ते स्वतः लिहून काढू नका. चुका त्यांच्याकडूनच दुरुस्त करून घ्या आणि पुढच्या सभेत त्यांनाच वाचायला सांगा.