योग्याकार्ताचा क्रातोन बघण्यासारखा आहे का?

इंडोनेशियातल्या जावा बेटावरची बोरोबुदूर आणि प्रांबानन ही प्राचीन मंदिरं करून तुमच्याकडे योग्याकार्तात एक सकाळ उरते, ती तिथल्या राजवाड्याला, म्हणजे क्रातोनला द्यावी का, असं विचारलंय. जरूर द्या. फक्त म्हैसूरचा राजवाडा डोळ्यांसमोर ठेवून जाऊ नका. इथे उंच महाल नाही. एकामागून एक वाळूची अंगणं आणि त्यांत चारी बाजूंनी मोकळे, उतरत्या छपराचे मंडप. पहिला अर्धा तास मलाही कळेना, बघायचं काय.

उलगडा झाला दक्षिणेकडच्या कमागांगन अंगणाच्या दरवाज्यापाशी. तिथे भिंतीवर शेपट्या गुंतलेले दोन नाग आहेत. गाइड म्हणाली, ही नुसती नक्षी नाही, हे साल आहे: 'द्वि नागा रासा तुंगाल'. द्वि म्हणजे दोन. नाग आठ, अष्टनाग. रस सहा, षड्रस. तुंगाल एक. आता शेवटून वाचा: १६८२. आपल्या जुन्या पोथ्यांतही शक असाच शब्दांत घालून उलटा वाचतात ना! आणि हा आकडाही मूळचा शालिवाहन शकाचाच. जावात तोच शक चालायचा. १६३३ साली, शके १५५५ ला, जावाचा राजा सुलतान आगुंग याने आकडा तोच पुढे नेला, पण वर्ष हिजरीसारखं निव्वळ चांद्र केलं. त्यात अधिक मास नाही, म्हणून ते वर्ष आपल्यापुढे पळतं. आपले शके १६७८, तर तिथे १६८२. म्हणजे इसवी सन १७५६, योग्याकार्ताचा पहिला सुलतान हमंगकुबुवोनो या वाड्यात राहायला आला ते वर्ष. उभ्या उभ्या बोटांवर मोजलं आणि अंगावर काटा आला.

एक गोष्ट मात्र सलते. जून १८१२ मध्ये इंग्रजांनी हा वाडा लुटला, पोथ्यासुद्धा नेल्या. त्या फौजेत बंगालचे हिंदी शिपाईही होते.

सोमवारी वाडा बंद असतो आणि इतर दिवशी दुपारी लवकर मिटतो, तेव्हा सकाळी उघडल्या उघडल्या पोहोचा. गामेलान हे जावाचं वाद्यवृंद-संगीत किंवा नृत्य बहुधा सकाळीच असतं. बाहेर कुणी 'आज बंद आहे, बाटिकच्या दुकानात चला' म्हणालं, तर सरळ तिकीट खिडकीवर जाऊन विचारा.

आत निळ्या पट्ट्यांच्या अंगरख्यातले, अनवाणी, पाठीशी क्रिस, म्हणजे जावाचा खंजीर, खोवलेले सेवक दिसतील. ते अब्दी दालेम. सुलतान अजून इथेच राहतो, ही मंडळी त्याच्या चाकरीत आहेत. फोटो काढण्याआधी विचारा. माझ्यासमोरच्या आजोबांनी आधी डोक्यावरचं ब्लांगकोन नीट केलं, मग मान डोलावली.