एल-वनवर जर्सीला येताय? टॅक्सच्या बोंबाबोंबीचं काय करायचं ते सांगतो

तुम्ही विचारलंत की कंपनी एल-वनवर, म्हणजे कंपनीतल्याच बदलीच्या व्हिसावर, अमेरिकेत न्यू जर्सीतल्या एडिसनला पाठवतेय, १ लाख १० हजार डॉलर देतायत, पण रिपब्लिकन-डेमोक्रॅट भांडतायत आणि टॅक्स वाढणार असं ऐकून वहिनी नको म्हणतायत, तर जावं की थांबावं. मी २००९ पासून तिकडेच आहे, सध्या दादरला आईकडे आलोय, पहाटेचे तीन वाजलेत आणि जेटलॅगमुळे टक्क जागा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्याकडे कसं, १ फेब्रुवारीला बजेट, १ एप्रिलपासून लागू, विरोधक ओरडतात पण बहुमत असलं की विषय संपला. तिकडे सिनेटमध्ये, म्हणजे संसदेच्या वरच्या सभागृहात, साधं बिल पुढे न्यायला १०० पैकी ६० मतं लागतात, ती सहसा कुणाकडेच नसतात, मग टॅक्सची बिलं रिकन्सिलिएशन नावाच्या आडवाटेने ५१ मतांत काढतात. तिथे अट अशी की साधारण दहा वर्षांपुढे तूट वाढता कामा नये, म्हणून कपातीवर दुधाच्या पिशवीसारखी तारीखच छापून ठेवतात. तारीख जवळ आली की "टॅक्स वाढणार" सुरू. २०१७ ची ट्रम्पची कपात २०२५ अखेर संपणार होती, १२ टक्क्यांचा स्लॅब १५ वर गेला असता. तुम्ही ऐकलंत ते बहुतेक हेच. १ जुलै २०२५ ला सिनेटमध्ये ५०-५० झालं, उपाध्यक्ष व्हान्सच्या मताने सुटलं, ४ जुलैला सही झाली, दर तेच राहिले. ऑक्टोबरमध्ये हेल्थ इन्शुरन्सच्या सबसिडीवरून परत जुंपली, ४३ दिवस सरकार बंद, पण ती सबसिडी स्वतः पॉलिसी घेणाऱ्यांची, तुमचा इन्शुरन्स कंपनीतर्फे असणार.

आता माझी गंमत ऐका. २०१२ च्या डिसेंबरात पण हेच, बुशच्या काळातली कपात ३१ तारखेला संपत होती, टीव्हीवर कोपऱ्यात उलटं घड्याळ लावलेलं. १ जानेवारीच्या रात्री हाऊसने, म्हणजे खालच्या सभागृहाने, बिल पास केलं, आमच्यासारख्यांचे दर वाचले, आम्ही चार मराठी पोरांनी रात्री खिचडी टाकून साजरं केलं. आणि जानेवारीचा पहिला पगार बघतो तर ६५ डॉलर कमी! वाटलं पेरोलवाल्यांनी घोळ घातला. घोळबिळ काही नव्हता, सोशल सिक्युरिटी, म्हणजे सरकारी पेन्शनसाठी पगारातून होणारी कापणी, दोन वर्षं सवलतीत ४.२ टक्के करत होते, सवलत संपली, परत ६.२. माझा पगार ८५ हजार, दर पंधरवड्याला बरोब्बर तेवढाच फरक. ती सवलत टिकवायला दोन्हीकडचं कुणी जीव तोडून भांडलंच नव्हतं.

म्हणून सांगतो, ज्याच्यावर भांडण चाललंय त्यापेक्षा ज्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही ते बघा. तुमच्या पगारावर सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (म्हातारपणीचा सरकारी आरोग्य विमा) मिळून वर्षाला ८,४०० डॉलर जातील, आणि नवरा-बायको एकत्र रिटर्न भरलं, पूर्ण वर्षाचा पगार धरला, तर फेडरल इन्कम टॅक्स साधारण ८,९००. जवळपास सारखेच! भारताशी याबाबत करार नाही, त्यामुळे ही कापणी चुकत नाही, आणि साधारण दहा वर्षं भरल्याशिवाय पेन्शनही नाही. वर न्यू जर्सीचा स्टेट टॅक्स वेगळा. पहिल्या वर्षी अर्ध्यातून आलात तर रिटर्नचे नियम वेगळे, ते तिकडच्या सीपीएकडूनच, म्हणजे आपल्या सीएसारख्या माणसाकडून, करून घ्या, ऑफिसातल्या मित्राच्या भरवशावर नको.

घर लगेच घेऊ नका. आईचं हे घर ५०० स्क्वेअर फुटांच्या आत म्हणून २०२२ पासून मालमत्ता कर माफ, जर्सीत सरासरीच वर्षाला दहा हजार डॉलरच्या आसपास. ही रक्कम फेडरल टॅक्समधून किती वजा करता येते यावर रिपब्लिकन लोकांची आपापसातच मारामारी झाली, जर्सी-न्यूयॉर्कवाले अडून बसले आणि १० हजारांची मर्यादा ४० हजारांवर नेली. भाड्याने राहणाऱ्याला याचा काय उपयोग, शून्य.

आई काल विचारत होती, तू पाठवतोस त्यातले पण कापणार का रे? २०२६ पासून १ टक्का आहे, आधी ५ म्हणत होते, पण तो रोख किंवा मनीऑर्डरने पाठवणाऱ्यांना, बँक खात्यातून पाठवलं तर नाही.

जायला हरकत नाही असं माझं मत. इन्शुरन्सचे दरमहा किती कापणार ते एचआरला विचारा आणि आकडा इथे टाका, महिन्याचा हिशेब मांडून देतो. पण दुपारनंतर हं, आता पाणी यायची वेळ झाली, आई उठेल.