कोल्हापुरात सिंकखाली कचरा दळणारे यंत्र बसवायला एकूण किती खर्च येतो?

आपण विचारले आहे की, कोल्हापुरात राहत्या घरी सिंकखाली ओला कचरा दळून पाण्याबरोबर सोडणारे यंत्र बसवायचे झाल्यास एकूण किती खर्च येतो, आणि दुकानदाराने सांगितलेल्या किमतीवर कितपत विसंबावे. माझ्या घरी हे यंत्र पावणेदोन वर्षे होते. नंतर मी ते काढले, आणि तेच यंत्र आज पुण्यात माझ्या बहिणीच्या घरी उत्तम चालते आहे. एकाच यंत्राची दोन ठिकाणची बिले माझ्याकडे असल्याने मी दोन्ही आपल्यासमोर ठेवतो. या दोन बिलांमध्ये जे अंतर आहे, त्यातच आपल्या प्रश्नाचे खरे उत्तर आहे.

आमचे घर रंकाळ्याच्या पश्चिमेकडील एका वसाहतीत, दुसऱ्या मजल्यावर आहे. आईचे गुडघे दुखू लागल्यापासून सकाळी टिपर आला की कचऱ्याचा डबा घेऊन दोन जिने उतरणे तिला जमेना, आणि मी त्या वेळी कामावर निघालेला असे. म्हणून २०२१ च्या दिवाळीत पाऊण अश्वशक्तीचे यंत्र १७,५०० रुपयांना घेतले. दुकानात बसवण्याचा खर्च ‘हजार-दीड हजार’ असा सांगितला होता. प्रत्यक्षात सिंक बदलायला ६,८०० रुपये, ओट्याचा ग्रॅनाइट कापून पुन्हा बसवायला १,५००, विजेचा स्वतंत्र पॉइंट काढायला १,८००, प्लंबरची मजुरी १,५००, पाइप आणि ट्रॅप (थोडे पाणी धरून वास अडवणारा वाकडा पाइप) मिळून ७००, आणि सिंकखालचे कपाट कापून आतली फळी हलवायला सुताराचे २,२०० रुपये झाले. एकूण ३२,०००. म्हणजे यंत्राच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट. हे चार वर्षांहून जुने दर आहेत, आज यात वाढ धरूनच चालावे.

सिंक का बदलावे लागले, हे समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण खर्चाचा मोठा वाटा तिथेच ठरतो. ही यंत्रे मूळची अमेरिकी मापाची असल्याने त्यांची मान साडेतीन इंची, म्हणजे साधारण ९० मिलिमीटर व्यासाच्या भोकात बसते. आपल्याकडच्या जुन्या स्टीलच्या सिंकचे भोक बहुधा त्याहून लहान असते, तर अलीकडच्या काही सिंकना मोठी जाळी बसावी म्हणून ते त्याहून बरेच मोठे ठेवलेले असते. मोठे असेल तर जोडकडी मिळते आणि काम थोडक्यात भागते. लहान असेल तर भोक कापून वाढवता येते, परंतु पत्रा पातळ असेल तर पाच-सहा किलोंचे यंत्र त्याला लटकवल्यावर सिंक थरथरते आणि काही महिन्यांत कडेच्या सिलिकॉनमधून पाणी झिरपू लागते. आमच्या प्लंबरने हे आधीच सांगितले आणि भोक कापायला नकार दिला, याबद्दल मी त्याचा आजही ऋणी आहे. तेव्हा दुकानात जाण्याआधी जाळी काढून भोकाचा व्यास फूटपट्टीने मोजा, आणि सिंकच्या तळापासून भिंतीतल्या पाइपच्या तोंडापर्यंतची उंचीही मोजा. भिंतीतले तोंड यंत्राच्या निकासाहून वर असेल तर दळलेला कचरा यंत्रातच साचतो, आणि मग भिंत फोडून पाइप खाली घ्यावा लागतो.

पाइपच्या बाबतीत एक गोष्ट कधीही मान्य करू नये. बहुतेक घरांत सिंकखाली वळ्यांचा लवचीक पाइप असतो. साध्या खरकट्या पाण्याला तो चालतो, पण दळलेल्या कचऱ्याचा लगदा त्याच्या वळ्यांत अडकतो आणि चार दिवसांत दुर्गंधी सुटते. आतून गुळगुळीत, किमान दीड इंची पीव्हीसी पाइप, एक पी-ट्रॅप, आणि पुरेसा उतार एवढे हवेच. विजेच्या बाबतीत अर्थिंग नीट आहे का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या आणि मुख्य बोर्डात आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारे उपकरण, नसेल तर ते बसवून घ्या. ओल्या हाताने हाताळल्या जाणाऱ्या जागेत मोटार बसवताना हा खर्च टाळण्यासारखा नाही. अमेरिकेतल्या नातेवाइकांकडून यंत्र आणवण्याचा विचार असेल तर तो सोडून द्यावा. तिथला पुरवठा १२० व्होल्ट, ६० हर्ट्झचा आणि आपला २३० व्होल्ट, ५० हर्ट्झचा. त्यासाठी ट्रान्सफॉर्मर ठेवायला सिंकखाली जागाही नसते, आणि बिघाड झाल्यास सुटे भाग कुठून आणायचे हा प्रश्न उरतोच.

चालवण्याचा खर्च फार नाही. दिवसातून तीन वेळा, प्रत्येक वेळी दीड मिनिट चालवले तर पाऊण अश्वशक्तीची मोटार महिन्याला जेमतेम सव्वा युनिट वीज घेते. पाण्याचा हिशेब मात्र करावा. यंत्र चालू असताना आणि नंतरही थोडा वेळ गार पाणी सोडावेच लागते. मी बादली लावून मोजले तेव्हा आमच्या नळातून मिनिटाला सुमारे ६ लिटर पाणी येत होते, म्हणजे महिन्याकाठी ८०० लिटरच्या आसपास. नळाला पाणी आले नाही त्या दिवशी टाकीतले पाणी जपून वापरताना हा आकडा मनाला लागतो.

या यंत्रात पाती असतात असा अनेकांचा समज आहे. वास्तविक आत एक फिरती तबकडी असते. तिच्यावरचे सुटे खिळे कचऱ्याला बाहेरच्या दातेरी कड्यावर फेकतात आणि तिथे तो किसला जातो. त्यामुळे मऊ किंवा ठिसूळ वस्तू छान दळल्या जातात, पण धागे कापले जात नाहीत. शेवग्याच्या शेंगांचा चोथा, मक्याच्या कणसाची साले, केळीची साल, कोथिंबिरीच्या जून काड्या, उसाची चिपाडे हे सारे तबकडीभोवती गुंडाळले जाते. करवंटी, आंब्याची कोय आणि मटणाची जाड नळी यांचे नावच काढू नये. कोल्हापूरच्या स्वयंपाकघरापुरता आणखी एक धडा मी स्वतःच्या पैशांनी शिकलो. पांढऱ्या रश्श्यासाठी नारळाचे दूध काढले की खोबऱ्याचा चोथा वाडगाभर उरतो. तो यंत्रात सहज दळला जात असे, म्हणून आम्ही दर रविवारी तो तिथेच टाकत होतो. त्यामागोमाग मटणाच्या भांड्यांची चरबी आणि तांबड्या रश्श्याचा कट जाई. चरबी गार होऊन पाइपच्या आत थिजते आणि चोथा तिच्यावर थरावर थर बसतो. सहाव्या महिन्यात खालच्या मजल्यावरचा पाइपचा बाक पूर्ण तुंबला, आणि तो फोडून बदलायला २,५०० रुपये लागले. कट आणि चरबी कागदाने पुसून सुक्या डब्यात टाकावी, सिंकमध्ये मुळीच नको, हा नियम यंत्र असो वा नसो, पाळण्यासारखा आहे.

मात्र यंत्र काढण्याचे कारण हे नव्हते. तो बाक बदलताना प्लंबरने खालच्या चेंबरचे झाकण उघडले, तेव्हा माझ्या प्रथमच लक्षात आले की आमच्या संडासाचा पाइप सेप्टिक टँककडे जातो, पण मोरीचा आणि सिंकचा पाइप थेट रस्त्याकडेच्या गटारीत सोडलेला आहे. अनेक जुन्या घरांची बांधणी अशीच आहे, आणि आमच्या उपनगरासारख्या कित्येक भागांत भुयारी गटार अजून पोहोचलेली नाही. खात्री करण्यासाठी मी बादलीभर पाण्यात खाण्याचा रंग कालवून सिंकमध्ये ओतला आणि गटारीच्या कडेने चालत गेलो. वसाहतीच्या टोकाला ते रंगीत पाणी नाल्यात उतरताना दिसले. तिथून पुढे रंकाळ्याकडे कोणती वाट आहे, हे आमच्या भागात लहान मुलालाही ठाऊक असते.

दळलेले अन्न दिसेनासे होते, नाहीसे होत नाही. पाण्यात ते कुजताना जिवाणू पाण्यातला विरघळलेला प्राणवायू वापरून टाकतात आणि मासे गुदमरतात. कुजून सुटलेल्या नत्र-स्फुरदावर केंदाळ पोसते. रंकाळ्यातले केंदाळ काढण्यासाठी किती वेळा यंत्रे आणि माणसे उतरवावी लागली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. शहराच्या मध्यभागाचे सांडपाणी जयंती नाल्यातून उपसून कसबा बावड्याच्या प्रक्रिया केंद्राकडे नेले जाते, परंतु पावसाळ्यात नाला फुगला की बांध ओलांडून ते थेट पंचगंगेत मिसळते, आणि खाली इचलकरंजीपासून नृसिंहवाडीच्या संगमापर्यंतच्या गावांना तेच पाणी मिळते. मी आईच्या सोयीसाठी घेतलेले यंत्र रोज किलोभर अन्न त्या प्रवाहात टाकत होते. घंटागाडी किंवा टिपरमध्ये तेच अन्न गेले असते तर निदान त्याचे खत होण्याची शक्यता होती.

हे यंत्र १९२७ मध्ये अमेरिकेतील रासीन गावच्या जॉन हॅमेस या वास्तुविशारदाने तयार केले, ते घरामागे गटार आणि गटारीच्या टोकाला प्रक्रिया केंद्र असेल, असे गृहीत धरणाऱ्या शहरांत रुजले. न्यूयॉर्क शहरात मात्र पावसाचे आणि घरचे पाणी एकाच जुन्या गटारीतून वाहत असल्याने बहुतांश भागांत त्यावर बंदी होती, आणि ती १९९७ मध्ये उठवण्यात आली. एवढ्या संपन्न शहराने आपली गटार पाहून निर्णय घेतला, तर आपणही तो तसाच घ्यावा, असे मला मनापासून वाटते.

ऑगस्ट २०२३ मध्ये मी यंत्र काढून बहिणीला दिले. तिच्या संकुलाचे स्वतःचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र आहे. ते चालवणाऱ्या अभियंत्याला तिने आधी विचारले आणि समितीची लेखी परवानगी घेतली. तिच्या सिंकला मोठे भोक होते, ओट्याखाली विजेचा पॉइंट होता, पाइपही सरळ होता. जोडकडी, ट्रॅप आणि मजुरी मिळून तिला ४,३०० रुपये लागले. माझ्या घरी जोडणीलाच १४,५०० लागले होते, हे लक्षात घ्या.

आपण फ्लॅटमध्ये राहत असाल तर आणखी एक गोष्ट पाहावी लागेल. उभा पाइप सर्वांचा सामायिक असतो आणि तुंबला तर पाणी तळमजल्यावरच्या घराच्या मोरीतून वर येते. त्यामुळे शेजाऱ्यांना विश्वासात न घेता हे काम करू नये. सिंकचे पाणी सेप्टिक टँकमध्ये जात असेल तर गाळ लवकर भरेल आणि उपशाची गाडी आधीपेक्षा वरचेवर बोलवावी लागेल. तो खर्चही यंत्राच्या हिशेबात मांडा.

आईची अडचण आम्ही वेगळ्या रीतीने सोडवली. गॅलरीत भोकांचे दोन डबे ठेवले, कोकोपीट आणि थोडे तयार खत घातले, सगळे मिळून २,२०० रुपये लागले. एक भरला की तो झाकून दुसरा वापरायचा, आणि दीड-दोन महिन्यांत खत तयार होते. पहिल्या पावसाळ्यात ओल जास्त होऊन चिलटे झाली होती, सुका पाला वाढवल्यावर थांबली. भाजीची ताजी साले आणि देठ शेजारचे म्हशीवाले रोज संध्याकाळी घेऊन जातात. आईला आता जिना उतरावा लागत नाही, सुका कचरा मी आठवड्यातून दोनदा टिपरमध्ये टाकतो.

आपल्या सिंकच्या भोकाचा व्यास, भिंतीतल्या पाइपच्या तोंडाची उंची, आणि रंगीत पाणी ओतल्यावर ते कुठे निघाले, एवढे तीन तपशील आपण कळवलेत तर मी आपल्या घरापुरता खर्चाचा अंदाज मांडून देईन. तिसरे उत्तर उघडी गटार असे आले, तर पहिली दोन मोजायची गरज नाही.